विहिरीवरचा रामराम

रंगनाथतात्या गाडीतून उतरले तेव्हा कय्युमचा उजवा हात खांद्यापर्यंत दगडाखाली होता.

विहीर उमापूरच्या शिवारातली, अजिनाथरावांच्या रानातली. नऊ परस खोल गेलेली; परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, तसे एकावर एक नऊ. तळाला आदल्या दिवशीच्या सुरुंगाच्या बारानं सुटलेला एक दगड होता, बसलेल्या म्हशीएवढा. तो बकेटात मावेना, म्हणून साखळ्या घालून काढायचा ठरला. यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, तारेनं त्याची एक कड वीतभर उचलून धरली होती. पवननं त्या फटीत पहार घालून तिच्यावर सगळं अंग टाकलं होतं, आणि कय्युम पालथा पडून दुसरी साखळी खालून पलीकडं सारत होता. वर यारीच्या फळीवर ज्ञानोबा बसलेला. उजवा पाय ब्रेकवर, नजर तारेला बांधलेल्या लाल चिंधीवर. चिंधी चार बोटं खाली सरकली की कय्युमचा हात गेला.

"रामराम, मिस्तरी!" तात्या म्हणाले.

ज्ञानोबानं ऐकलं. मान वळवली नाही, ओठ हलवले नाहीत.

हा माणूस विहिरीवर कुणाचाच रामराम घेत नाही, ही गोष्ट गेवराईपासून तेलगावपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सरपंच येऊन गेले, फौजदार येऊन गेले. एकदा तर ज्ञानोबाचा सख्खा व्याही "जय भीम, पाव्हणं" म्हणत बांधावर उभा राहिला आणि उन्हात अर्धा तास तळून परत गेला. कुणी म्हणतं डोक्यात हवा गेली, कुणी म्हणतं बहिरा आहे. काही जण तिसरं काही म्हणतात, ते ज्ञानोबाच्या जातीवरून असतं आणि तो समोर नसताना म्हटलं जातं. खरं कारण कुणी विचारत नाही, कारण त्यासाठी इंजिन बंद होईपर्यंत थांबावं लागतं आणि तेवढी सवड मानी माणसाला नसते.

कारण बावीस वर्षांपूर्वीचं आहे. तेलगावजवळ एका विहिरीवर ही टोळी होती आणि सिदू मुकादम होता. विहिरीच्या तळातून निघालेला आवाज चारी बाजूंच्या खडकावर आपटत वर येतो. वर, धर, सोड, असले एवढेसे शब्द काठापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा नुसता हुंकार उरतो. त्या दिवशी ज्ञानोबानं ओढायची तार सोडली आणि भरलेली बकेट सिदूच्या पायावर बसली. पाऊल काढावं लागलं. सिदूनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. दवाखान्यातल्या खाटेवरून एवढंच म्हणाला, "ज्ञानबा, आपल्याला लांब शब्द पाहिजेत. झोपंतबी तोंडातून चुकणार न्हाईत आसे."

झोपेतही न चुकणारे शब्द माणसाजवळ असतात तरी किती? प्रत्येकानं आपापल्या घरातला काढून दिला. सिदूचा रामराम: ओझं तयार आहे, ओढा. ज्ञानोबाचा जय भीम: थांबा, जागच्या जागी. कय्युमचा सलाम आलेकुम: हळूहळू खाली सोडा. बार भरून झाला की बिस्मिल्ला, मग सगळ्यांनी वर यायचं. खालून शब्द आला की ज्ञानोबानं तोच मोठ्यानं परत म्हणायचा, मगच यारी हलवायची. आणि वरून आवाज आला, मग तो कुठलाही असो, कुणाचाही असो, की खालच्यांनी हातातलं सगळं सोडून भिंतीला पाठ लावायची. विचार करत बसायचं नाही. पवन हा ज्ञानोबाच्या बायकोच्या, दगडाबाईच्या भावाचा पोरगा, टोळीत नवीन आला तेव्हा कय्युमनं पंधरा दिवस त्याच्या पाठीत गुद्दे घालून हे शिकवलं होतं. आता वरून साधा खोकला आला तरी पवन भिंतीला चिकटतो.

म्हणजे ज्ञानोबानं त्या घडीला तात्यांचा रामराम घेतला असता, तर तळाशी पवननं पहार सोडली असती आणि दगड कय्युमच्या हातावर कलंडला असता.

बावीस वर्षांत हे शब्द टोळीच्या जिभेवर असे बसले की त्यांचे मूळचे अर्थच आता पाहुण्यासारखे वाटतात. ज्ञानोबाच्या घरी चहा ओतणाऱ्याचा हात जय भीम म्हटल्याशिवाय थांबत नाही. घागर भरत नाही, रामराम होते. नातीला पाळण्यात ठेवताना घरातले सगळे दबक्या आवाजात सलाम आलेकुम म्हणतात आणि पोर निवांत झोपते. आसपासच्या टोळ्यांनीही ते उचललं. ज्यांनी विहिरीत कधी डोकावलं नाही असे लोकसुद्धा उमापूरच्या बाजारात आता ट्रॉली रामराम झाली म्हणतात. मुलीच्या, यशोधराच्या लग्नात जो तो माइक हातात घेऊन जय भीम म्हणूनच बोलायला लागायचा, आणि ज्ञानोबा मांडवात बसल्या बसल्या उजव्या पायानं सतरंजी दाबत होता.

यशोधराला हे आवडत नाही. ती दवाखान्यात नर्स आहे, चार पुस्तकं वाचलेली. "बाबा, जय भीम म्हंजी थांबा? आवो उलट हाय. जय भीम म्हंजी उठा!"

ज्ञानोबाला उत्तर सुचायला दोन दिवस लागले. फोन करून म्हणाला, "माय, माझ्या जय भीमनं दगड थांबतो. माणूस वाचतो. बाबासाहेब रागावतेल का?"

तर हे सगळं तात्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. ते अजिनाथरावांचे चुलते. राहायला गेवराईला, पण गावात अजून त्यांच्या शब्दाला किंमत. पुतण्याची विहीर बघायला न सांगता आले, सोबत गाडी चालवायला आणि हो ला हो करायला दोन तरणे. विहिरीचा नारळ फुटला त्या दिवशीच दगडाबाईनं अजिनाथरावांच्या घरी जाऊन लहानथोर सगळ्यांना बजावलं होतं की काठावर कुणी तोंड उघडायचं नाही. तात्या त्या दिवशी नव्हते. आणि अजिनाथराव आत्ता डिझेल आणायला गेलेले.

"बहिरा हाय का बे ह्यो?" एक तरणा दुसऱ्याला म्हणाला.

दगडाबाई काठावर होती. ती टोळीचे डोळे. ज्ञानोबाला बसल्या जागेवरून तळ दिसत नाही; ती बघते आणि हातानं खुणा करते. तिनं एकदा खाली नजर टाकली, पवनची पाठ थरथरताना दिसली. मग ती काठ सोडून लगबगीनं इंजिनाकडं आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तात्या, जरा दम धरा. खाली माणूस आडकलाय. त्यांला बोलता यायचं न्हाई."

"तू कावून मधी बोलतीस? मी त्याला इचारलंय."

"इंजिन बंद झालं की बोलतेल."

"रामरामाला इंजिन आडवं येतं व्हय?" तात्या हसले. हसू तोंडावर होतं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सोबतची दोन पोरं बघत होती, आणि पोरांसमोर असा कोरडा अपमान तात्यांनी आयुष्यात गिळलेला नव्हता.

ज्ञानोबाला सगळं ऐकू येत होतं. चिंधी हलत नव्हती. खालून फक्त साखळी घासल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा. साखळी कुठंतरी अडत होती. एवढ्या वेळात कय्युमची हाक यायला हवी होती.

"तात्या," तो तरणा म्हणाला, "प्रसाद देऊ का ह्याला थोडा? दोघं मिळून आरती करतो, लगी सुधरंल."

देवघरातले शब्द असेही बाहेर पडतात. प्रसाद म्हणजे काय आणि आरती म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्ञानोबाला भीती वाटली. माराची नव्हे, मार त्यानं लहानपणापासून बघितला होता. भीती होती ती पहिल्या धक्क्याची. खांद्यावर नुसती एक थाप बसली तरी पाय ब्रेकवरून निसटला असता. त्यानं बूड फळीवर आणखी घट्ट रोवलं आणि डावा हात मागच्या लोखंडात अडकवून घेतला.

तात्यांनी पोराला हातानं थांबवलं. ते मारहाणीतले नव्हते. ते बोलण्यातले होते, आणि ते बोलले. "तुमचं आजकाल लई वाढलंय. वाकायला नको, बोलायला नको. आपुन होऊन रामराम घालावा, तर ह्यांची मान ताठ." तुमचं म्हणजे कुणाचं, हे ज्ञानोबाला कळलं, दगडाबाईला कळलं, पोरांनाही कळलं. ज्ञानोबाच्या घशाशी बावीस वर्षांची उत्तरं आली. त्यानं ती गिळली आणि चिंधीकडं बघत राहिला.

तो उत्तर देत नाही म्हटल्यावर तात्यांना वेगळीच लहर आली. "ह्यो मुका आसंल. खालच्यायला तरी रीत हाय का बगू," असं म्हणत ते सरळ काठाकडं चालू लागले.

तात्यांचा आवाज साधा नव्हता. नारायणगडाच्या जत्रेत माइक बंद पडला की पंगतीला हाक मारायला त्यांनाच उभं करायचे. दगड धरून ठेवायचा म्हणून इंजिन मंद चालवलेलं. त्यात तो आवाज बुडणार नव्हता. ज्ञानोबाला ओरडता येत नव्हतं, कारण त्याचाही आवाज खाली गेलाच असता. उठता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण माणूस नसून यारीचाच एक लोखंडी तुकडा आहोत.

तात्या काठाशी वाकले. दोन्ही हात तोंडाशी नेले. छाती भरून घेतली.

दगडाबाई मागून धावत आली आणि तिनं आपला तळहात त्यांच्या तोंडावर दाबला.

त्या हाताला विहिरीतल्या चिखलाचा काळा गारा होता. एका हातानं तिनं तोंड दाबलं आणि दुसऱ्यानं त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना काठापासून चार पावलं मागं ओढलं, नाहीतर दोघंही आत गेली असती. तात्यांची टोपी खाली पडली. त्यांच्या घशातला शब्द घशातच राहिला.

बाईनं, तेही त्या घरच्या बाईनं, तात्यांच्या तोंडाला हात लावला होता. मग तो प्रसादवाला पोरगा पुढं आला. त्यानं दगडाबाईचं मनगट धरून पाठीमागं पिरगाळलं.

ज्ञानोबा बघत होता. त्याच्यापासून दहा पावलांवर त्याच्या बायकोचा हात कुणीतरी पिरगाळत होतं. तिचं तोंड उघडलं. आता किंकाळी येणार, त्याला वाटलं. तिनं खालचा ओठ दातांत धरला आणि तोंड मिटलं. एक हुंकारसुद्धा बाहेर आला नाही. ती ज्ञानोबाकडं बघत होती आणि मान हलवत होती, नाही, नाही, असं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ज्ञानोबाचा पाय ब्रेकवर होता. लाज वाटावी तर किती वाटावी? त्या क्षणी जमीन फाटली असती तर तो आनंदानं आत गेला असता, पण जातानाही पाय त्यानं ब्रेकवरच ठेवला असता. चिंधी जागेवर होती.

"रामरा...म!"

तळातून कय्युमचा आवाज आला, लांबलचक, खडकाखडकावर आपटत. हात निघाला होता. साखळी बसली होती.

"रामराम!" ज्ञानोबा गरजला. इतका मोठ्यानं तो कधी ओरडला नव्हता.

"बगा, आला का ठिकाणावर?" पोरगा हसून तात्यांना म्हणाला. त्याला वाटलं, बायकोचा हात पिरगाळल्यावर नवऱ्याला रीतभात आठवली. पण इंजिन धडधडलं, तार ताणली गेली, यारीचं सगळं लोखंड कण्हलं, आणि विहिरीच्या तोंडातून तो दगड हळूहळू वर आला, पाणी गाळत, गोल फिरत. पोराच्या हातातलं मनगट आपोआप सुटलं. तो मागं मागं सरकत गाडीला जाऊन टेकला. दगडाबाईनं डोळे पुसले नाहीत. पिरगाळलेला उजवा हात पोटाशी धरून तिनं डाव्या हातानं दोर ओढला, दगड काठावर घेतला आणि खुणेनं ज्ञानोबाला सांगितलं: सोड.

तेवढ्यात अजिनाथराव डिझेलचा कॅन घेऊन आले. त्यांनी चुलत्यांच्या तोंडावरचा गारा बघितला, दगडाबाईचा हात बघितला, दगड बघितला. त्यांना काही विचारावं लागलं नाही. तात्यांना बाजूला घेऊन त्यांनी दोन मिनिटांत सगळं सांगितलं. तात्या ऐकत होते. एकदा त्यांनी विहिरीकडं पाहिलं, एकदा त्या दगडाकडं. चेहरा उतरला होता, हे नाकारता येणार नाही.

पण मग ते पाण्याच्या ड्रमाकडं गेले आणि त्यांनी तोंड धुतलं. गारा लागला होता, धुवावं लागणारच. तोंड धुऊन झाल्यावर त्यांनी चूळ भरली. मग दुसरी भरली, मग तिसरी. गारा ओठांच्या आत गेलेला नव्हता. सगळे बघत होते आणि सगळ्यांना कळत होतं. चौथी चूळ थुंकून ते गाडीत बसले.

कय्युम आणि पवन बकेटात बसून वर आले तेव्हा गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती. कय्युमच्या दंडाची साल निघाली होती, बाकी हात शाबूत होता. पवन भडाभडा प्रश्न विचारू लागला. कय्युमनं काही विचारलं नाही. अजिनाथरावांनी मान खाली घालून जे सांगितलं ते त्यानं उभ्यानं ऐकलं आणि ड्रमापाशी जाऊन खाली बसला.

"वैनी, पानी पाजा."

दगडाबाई पेला शोधू लागली.

"पेला नको. हातानं पाजा."

तिनं ओंजळ भरली. उजवं मनगट सुजत चाललं होतं, ओंजळीतून पाणी गळत होतं. कय्युम त्या ओंजळीला तोंड लावून प्यायला, एकदा, दोनदा, पोट भरेस्तोवर. जय भीम म्हणाला तेव्हा ती थांबली.

ज्ञानोबा अजून फळीवरच होता. इंजिन बंद झालं होतं, तरी पाय ब्रेकवरून निघेना. पोटरी दगडासारखी झाली होती. दगडाबाई आली, खाली बसली आणि तिनं डाव्या हातानं त्याचा पाय उचलून जमिनीवर ठेवला.

"मला उठता आलं न्हाई गं," तो म्हणाला. बावीस वर्षांत विहिरीवर तो पहिल्यांदा रडला.

"उठले आसते तर घरात घेतलं नसतं तुमाला," ती म्हणाली.

काम सोडायचं का, यावर त्या संध्याकाळी टोळीत बोलणं झालं. पवनला सोडायचं होतं. दगडाबाई म्हणाली, विहिरीनं काय केलंय? अजिनाथराव स्वतः येऊन हात जोडून गेले. तेव्हा काम पुढं चालू राहिलं, आणि बाराव्या दिवशी अकराव्या परसाला पूर्वेच्या कडेनं झरा फुटला. चांगला मनगटाएवढा. टोळीनं शेवटची बकेट काढली आणि इंजिन बंद केलं.

तात्या त्या दिवशी आले होते, एकटेच. या खेपेला ते काठापासून लांब, बाभळीखाली उभे राहिले. पवन वर आला, कय्युम वर आला, इंजिनाचा शेवटचा धूर निघून गेला, तोवर त्यांनी ओठ उघडले नाहीत. मग ते पुढं आले. बारा दिवसांत माणूस थोडा वाकला होता. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"रामराम, ज्ञानोबा."

मिस्तरी नाही, नावानं. अजिनाथरावांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. विहिरीत कुणी नव्हतं, तार सैल पडली होती, ज्ञानोबाचे हात मोकळे होते आणि पाय जमिनीवर होता. घ्यायला काहीच अडचण नव्हती. घेतला असता तर पुढची चार गावं सोपी झाली असती, तात्यांच्या एका शब्दानं या भागातली कामं मिळतात आणि जातात, हेही त्याला ठाऊक होतं.

ज्ञानोबानं बाभळीच्या पलीकडं पाहिलं. दगडाबाई तार गुंडाळत होती. उजव्या मनगटाला अजून चिंधी बांधलेली होती, म्हणून डाव्या हातानं.

"तात्या, पहिलं तिकडं," तो म्हणाला.

तात्यांनी तिकडं पाहिलं. दगडाबाईनंही हात थांबवून पाहिलं. जोडलेले हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले. मग तात्यांनी ते खाली घेतले, टोपी नीट केली आणि बांधावरून गाडीकडं चालू लागले. ज्ञानोबानं त्यांचा रामराम घेतला नाही.

विहिरीवर ज्ञानोबा कुणाचा रामराम घेत नाही, असं लोक अजून सांगतात. बावीस वर्षं त्याच्यावर तो खोटा आळ होता, इंजिन बंद झालं की तो घ्यायचाच. त्या एका दिवसापुरतं ते खरं आहे.